खालच्या गटात जाण्याचा खटाटोप

न्याहारीच्या वेळी तराजूसरांनी सफरचंद कापलं आणि ताटली बायकोपुढे सरकवली. "तू निवड," ते म्हणाले. कापणाऱ्याने निवडायचं नाही हा त्या घरचा नियम होता आणि तो लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनीच केलेला होता. एरवी बायको दोन्ही फोडी डोळ्यांसमोर धरायची आणि "ही जरा जाड दिसते हो," असं म्हणून त्यांना घाम फोडायची. आज तिने न बघताच हाताला लागली ती फोड उचलली. सरांच्या ते लक्षातही आलं नाही. दोघांचंही चित्त सफरचंदात नव्हतं.

तराजूसर हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते मुलींच्या एका शाळेत खेळ शिकवत आणि ते नाव त्यांना मुलींनी ठेवलं होतं. कुणावर अन्याय झालेला सरांना बघवत नसे. शाळेच्या नळावर एखादी मुलगी मध्येच घुसली की ते शिट्टी वाजवून तिला रांगेच्या शेवटी पाठवत. एकदा तर त्यांनी भरबाजारात, भाजीच्या दुकानापुढे, एका अनोळखी बाईंना शिट्टी वाजवून मागे जायला सांगितलं होतं. त्या दिवसापासून बाजारात निघताना बायको आधी त्यांचे खिसे तपासायची.

बायकोही खेळच शिकवायची, पण गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत. तिथल्या मुली तिला नुसतं 'बाई' म्हणत. दोघांच्याही शाळेत मुलींचा हॉकीचा संघ होता, आणि आज दुपारी नेमके हेच दोन संघ सरांच्या शाळेच्या मैदानावर समोरासमोर येणार होते.

"मुली जोरात असतील तुझ्या," सर म्हणाले.

"कुठलं हो. तुमच्या?"

"आमच्याही आपल्या तशाच."

"बरं."

"काय असेल ते असो, खरं खेळू देत म्हणजे झालं," सर म्हणाले आणि सफरचंदाचा तुकडा त्यांच्या घशात अडकला. बायकोने उठून त्यांच्या पाठीत चार धपाटे घातले. ते जरुरीपेक्षा थोडे जोरातच होते.

आता या सामन्यात एवढं काय होतं ते सांगायला हवं. शाळांच्या हॉकी मंडळाने संघांचे दोन गट केले होते, वरचा आणि खालचा. दांडग्यांनी दांडग्यांशी खेळावं आणि दुबळ्यांनी दुबळ्यांशी, हा हेतू चांगला होता. पण दांडगं कोण ते ठरायचं शाळेतल्या मुलींच्या संख्येवरून. ज्या शाळेत मुली जास्त, ती वरच्या गटात. सरांच्या शाळेत मुली ढीगभर होत्या, पण हॉकीची स्टिक धरणाऱ्या कशाबशा संघापुरत्या. त्यातली एखादी तापाने पडली तर गायनाच्या वर्गातून उसनी आणावी लागे. बाईंच्या शाळेची तीच गत. त्यामुळे दोन्ही संघ दर वर्षी वरच्या गटात जात आणि तिथे त्यांना असा मार बसे की शेवटी शेवटी समोरच्या मुलींनाच कसंतरी होऊन त्या गोल करायच्या थांबत.

सरांनी याविरुद्ध रान उठवलं. मंडळाच्या प्रत्येक बैठकीत ते उभे राहत. "डोकी मोजून ताकद कळते का? तसं असतं तर बसच्या रांगेने किल्ले जिंकले असते! संघाचा खेळ बघा आणि गट ठरवा!" सुरुवातीला सभासद हसत, मग कंटाळत, आणि शेवटी कंटाळूनच त्यांनी सरांचं म्हणणं मान्य केलं. हंगामाआधी प्रत्येक संघाचा एक पारखसामना व्हायचा, अध्यक्ष आणि चिटणीस तो स्वतः बघायचे, आणि खेळ बघून तिथल्या तिथे गट सांगायचे. त्या दिवशी सर घरी आले ते हवेतच चालत. न्याय झाला होता आणि तो त्यांच्यामुळे झाला होता.

आणि मग गेल्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी त्यांना खोलीत बोलावलं.

"सर, या वर्षी एक तरी सामना जिंका," मुख्याध्यापक म्हणाले. "नाहीतर संघ बंद. सगळे शिक्षक मागे लागलेत, गाड्या उन्हात तापतात म्हणून. तुमच्या मैदानावर छप्पर टाकतो आणि गाड्या लावतो."

"पण साहेब, वरच्या गटात..."

"मग खालच्या गटात जा! नियम तुम्हीच बदलून घेतलात ना?"

सर खोलीबाहेर आले तेव्हा त्यांच्या डोक्यात एक विचार शिरला होता. खेळ बघूनच गट ठरणार असेल, तर त्या दिवशी खेळ जरा वाईट दिसला की काम झालं. विचार आल्याबरोबर त्यांनी तो झटकला. तो पुन्हा आला. त्यांनी पुन्हा झटकला. आठवडाभर हेच चाललं होतं आणि पारखसामन्याच्या दुपारी, म्हणजे आज, झटकायची ताकद संपली.

मैदानाच्या कडेला खेळाच्या सामानाची खोली होती. तिथे जाळ्या, पॅड आणि स्टिकांच्या गर्दीत सरांनी मुलींना गोळा केलं आणि दार लोटून घेतलं.

"आज जरा मोकळं खेळा," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

"म्हणजे कसं, सर?" कप्तानाने विचारलं. ती चणीने लहान आणि प्रश्न विचारण्यात मोठी होती.

"म्हणजे जिंकायचंच, असं डोक्यात ठेवू नका."

"मग काय ठेवायचं?"

"काही नको. म्हणजे... चेंडू गेला तर जाऊ दे. उगाच मागे धावायचं नाही."

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. गोलरक्षक मुलीला सगळ्या 'भिंत' म्हणत. ती अंगापिंडाने होतीही तशीच, फक्त चेंडूला तिच्यातून वाट बरोबर सापडायची. तिने हात वर केला. "सर, मी काय करू? मला तर धावायचंच नसतं."

"तू... तू आज डावीकडे चेंडू आला की उजवीकडे उडी मार."

"ती मी मारतेच, सर."

शेवटी सरांनी मैदानाचं, गाड्यांचं आणि छपराचं सगळं खरं खरं सांगून टाकलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आज हरायचं. एकदा खालच्या गटात गेलो की मग काय जिंकायचं ते जिंका."

सामन्याआधी स्टिकवर हात ठेवून शपथ म्हणायची, ही सरांच्या संघाची पद्धत. 'मी खोटं खेळणार नाही' अशी ती सुरू व्हायची आणि ती सरांनी स्वतः लिहिलेली होती. सवयीने मुलींचे हात स्टिकांवर गेलेच होते.

"सर," कप्तानाने अगदी निरागसपणे विचारलं, "शपथ आत्ता म्हणायची की हरल्यावर?"

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आज राहू दे," ते पुटपुटले आणि कुणाच्या डोळ्यांत न बघता बाहेर पडले.

बाहेर अध्यक्ष येऊन बसले होते. तरुणपणी ते स्वतः नावाजलेले खेळाडू होते, आता खुर्चीत मावत नव्हते. शेजारी चिटणीस होते. अध्यक्ष म्हणतील त्याला 'अगदी' म्हणणं हे त्यांचं काम. "या सर!" अध्यक्ष मोठ्याने म्हणाले. "तुमच्यासारखी चार सरळ माणसं आहेत म्हणून हे मंडळ चाललंय!" "अगदी," चिटणीस म्हणाले. सरांना मैदानाने पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

शिट्टी झाली. सरांच्या मुलीने पहिल्याच फटक्यात चेंडू समोरच्या संघाच्या हवाली केला. सरांनी श्वास सोडला. पण समोरच्या मुलीने तो दोन पावलं नेला आणि परत सरांच्या मुलीपुढे ठेवला. हिने पुन्हा तिला दिला. तिने पुन्हा हिला. पाहुण्यांत शेवटच्या बिस्किटावरून चालतो तसा आग्रह मैदानाच्या मध्यभागी सुरू झाला.

सरांना आधी काही कळेना. मग त्यांनी मैदानापलीकडे बायकोकडे बघितलं. ती हाताची घडी घालून आभाळ न्याहाळत होती. आभाळात काहीही नव्हतं. सरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ अंगाचा तिळपापड झाला. हिने मुलींना हरायला सांगितलंय! इतक्या कष्टाने आणलेला नियम, आणि प्रत्यक्ष घरच्या माणसाने तो असा पायदळी तुडवावा! त्यांना इतका खराखुरा संताप आला की शिट्टीसाठी हात खिशात गेला. तेवढ्यात त्यांची भिंत गोल सोडून केसातली पिन शोधायला बाजूला गेली आणि सरांनी हात खिशातून मुकाट्याने बाहेर काढला.

खरा घोळ पुढे झाला. कप्तानाने ठरवलं होतं, चेंडू मारायचा तर गोलाच्या बाहेर मारायचा. तिने समोरच्या डीमध्ये, म्हणजे गोलापुढच्या अर्धवर्तुळात, जाऊन तो इमानाने बाहेरच मारला. वाटेत बाईंची एक बचावपटू उभी होती. चेंडूला वाट द्यायला ती टुणकन बाजूला झाली, पण तिची स्टिक जिथल्या तिथे राहिली. चेंडू स्टिकवर आपटला, वळला आणि गोलात जाऊन बसला.

"सॉरी सर!" कप्तान तोंडावर हात ठेवून ओरडली. तिच्या संघाचे चेहरे उतरले. बाईंच्या मुलींना हसू आवरेना.

"बघितलंत?" अध्यक्ष भारावून म्हणाले. "गोल करून माफी मागितली पोरीने!"

"अगदी," चिटणीस म्हणाले. "संस्कार आहेत."

आता गोल परत करणं आलं. सरांच्या मुली अदबीने बाजूला सरकत गेल्या आणि बाईंच्या आघाडीच्या मुलीला, तिची इच्छा नसताना, गोलापर्यंत वाट मिळत गेली. गोल रिकामा होता. चेंडू रेषेपाशी आला आणि ती थांबली. तिने बाईंकडे बघितलं. बाईंनी मान कळेल न कळेल इतपत हलवली. मुलगी खाली बसून बुटाची नाडी बांधू लागली. तिला बघून भिंतीने दुसऱ्या बाजूला बसून पॅडचा पट्टा बांधायला घेतला. चेंडू दोघींच्या मध्ये होता. "मार ना," भिंत हळूच म्हणाली. "नको, राहू दे," ती म्हणाली. पंचाने एकदा त्यांच्याकडे, एकदा घड्याळाकडे बघितलं आणि मध्यंतराची शिट्टी वाजवून टाकली.

सर ताडताड चालत सामानाच्या खोलीमागे गेले. तिथे पाण्याचं पिंप होतं आणि पिंपाशी बायको आधीच उभी होती.

"लाज नाही वाटत?" सर दबक्या आवाजात म्हणाले.

"वाटते ना," बायको म्हणाली. "तुम्हाला?"

"माझ्या मैदानावर गाड्या लागणार आहेत," सर कसंबसं म्हणाले.

"आणि माझ्या मुली गेल्या वर्षी प्रत्येक सामन्यानंतर रडत घरी गेल्या. निम्म्यांनी खेळ सोडला. उरल्यात त्यांना किती वेळा मार खायला पाठवू?"

"मग मला सांगायचं होतंस!"

"काय सांगू? हरायला शिकवते म्हणून? सफरचंद सारखं कापलं गेलं नाही तर ज्या माणसाला झोप येत नाही, त्याला? मला वाटलं, तुम्ही तोंड बघणार नाही माझं." तिने पिंपाचं झाकण उघडून पुन्हा लावलं. "आठवडाभर तुमच्याकडे बघायची चोरी झाली होती मला. आणि तुम्ही आपले 'खरं खेळू देत' म्हणताय!"

सर पिंपाच्या झाकणाकडे बघत राहिले. त्यांना बायकोची लाज वाटत नव्हती, फक्त स्वतःची वाटत होती, आणि ती इतकी होती की कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. नियमासाठी आपण किती बोललो, किती जणांना ऐकवलं, आणि तो मोडायला पहिले आपणच निघालो, हे त्यांना आता अगदी स्वच्छ दिसत होतं. काहीतरी म्हणावं म्हणून त्यांनी मान वर केली, तर खोलीच्या कोपऱ्याशी दोन्ही संघ पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे होते. बाटल्या भरायच्या राहून गेल्या होत्या. मुलींनी सगळं ऐकलं होतं.

"सर, म्हणजे त्यांनाही हरायलाच सांगितलं होतं?" कप्तानाने विचारलं.

"हो."

"मग आम्ही कधीपर्यंत हरायचं? त्या हरूच देत नाहीत."

कुणीतरी फिसकन हसलं, पण सर हसले नाहीत. "चुकलं माझं," ते म्हणाले. "तुम्हाला असं सांगायला नको होतं. आता जे येतं ते खरं खेळा."

"हरलो तर?"

"हरा."

"जिंकलो तर?"

"जिंका."

"आणि गाड्या?"

"लागू देत," ते म्हणाले.

कप्तानाने स्टिकवर हात ठेवला. बाकीच्यांनी ठेवले. बाईंच्या मुलींना शपथ येत नव्हती, पण त्यांनीही हात ठेवले आणि एकेक शब्द मागून म्हटला. "मी खोटं खेळणार नाही," पिंपाशी उभ्या असलेल्या बाईही पुटपुटल्या. सरांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही.

आणि मग मुली जीव तोडून खेळल्या. त्या धावल्या, आपटल्या, उठून पुन्हा धावल्या. कप्तान चेंडू घेऊन अर्धं मैदान एकटी कापत गेली आणि ऐन डीमध्ये स्वतःच्याच स्टिकला अडखळून पडली. दोघी बचावपटू एकाच चेंडूवर तुटून पडल्या, एकमेकींवर आदळल्या आणि चेंडू मधून निघून गेला. भिंतीने डावीकडच्या चेंडूसाठी उजवीकडे अशी झेप घेतली की बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा. बाईंची ती मघाचीच मुलगी पुन्हा रिकाम्या गोलापुढे पोचली, आनंदाने किंचाळली आणि चेंडूऐवजी माती उडवली. शेवटी दहा-बारा स्टिकांच्या गर्दीत कुणाचा तरी धक्का लागून चेंडू सरांच्या गोलात गेला आणि बरोबरी झाली. बाईंच्या मुली नाचल्या. सरांच्या मुलींनी पाय आपटले. सगळ्यांचे गुडघे सोलले होते आणि चेहरे लालबुंद होते. सर दोन्ही संघांसाठी टाळ्या वाजवत होते, आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्यांना नीटसं काही दिसत नव्हतं. इतका सुंदर सामना आपण उभ्या जन्मात बघितला नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आता वरचा गट पक्का. मैदान गेलं. पण निदान खरं खेळून गेलं.

तरीही पूर्वार्ध त्यांना टोचत होता. अध्यक्ष खुर्चीतून सुटत होते तेवढ्यात सर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. बायकोही शेजारी येऊन उभी राहिली.

"अभिनंदन!" अध्यक्ष म्हणाले. "दोन्ही संघ खालच्या गटात. काही शंका?"

"साहेब, आधी माझं ऐका," सर म्हणाले. त्यांचे कान तापले होते. "तुमची फसवणूक झालीय. पूर्वार्धात मुली मुद्दाम वाईट खेळल्या. मी सांगितलं म्हणून. निकाल फक्त उत्तरार्धावर द्या."

"मीही सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी दोघांकडे बघितलं, मग चिटणीसांकडे वळले. "तुम्हाला काही फरक जाणवला का हो? पहिल्या अर्धात आणि दुसऱ्या अर्धात?"

चिटणीसांनी विचार केला. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच केला. "नाही बुवा," ते म्हणाले.

"मलाही नाही. तोच खेळ. पहिल्या अर्धात रिकाम्या गोलात चेंडू मारता आला नाही, दुसऱ्यातही नाही. फक्त दुसऱ्या अर्धात ओरडा जास्त झाला."

"अहो साहेब, शपथेवर सांगतो, पहिल्या अर्धात आम्ही..."

अध्यक्षांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, मुलींची बाजू सावरायला स्वतःवर आळ घेताय. मोठं मन आहे तुमचं, आणि बाईंचंही. पण मुली कच्च्या आहेत यात लाजण्यासारखं काही नाही. त्यासाठी तुमच्यासारख्या माणसाने खोटं बोलावं, हे मात्र बरं नाही."

"अगदी," चिटणीस म्हणाले.

दोघे निघून गेले. सर आणि बाई मैदानाच्या कडेला उभे राहिले. जे हवं होतं ते नेमकं मिळालं होतं. मैदान वाचायची आशा होती, मुलींना यंदा मार बसणार नव्हता, आणि वर दोघांना खोटारडेपणाबद्दल समज मिळाली होती, तीही नेमकी ज्या वेळी ते खरं बोलले त्या वेळेसाठी. सरांना बायकोकडे बघवेना, आणि बायकोला सरांकडे.

"गट कुठला, सर?" मुली धावत आल्या. कप्तान सर्वांत पुढे होती. तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं आणि तिला ते माहीतही नव्हतं.

"खालचा."

मुलींनी आरोळी ठोकली. मग कप्तान एकदम थबकली. "पण दुसऱ्या अर्धात आम्ही खरं खेळलो, सर. ते त्यांना दिसलं ना? काय म्हणाले ते?"

सरांनी तोंड उघडलं. खरं बोलायचं तर होतं, पण त्या चेहऱ्यांकडे बघून त्यांना ते जमेना. "म्हणाले," ते शेवटी म्हणाले, "दोन्ही अर्धांत सारख्याच खेळलात."

मग कप्तानाचा चेहरा हळूहळू उजळला.

"बघा सर!" ती म्हणाली. "तरी मला वाटतच होतं, आपल्याला मुद्दाम वाईट खेळता येतच नाही!"

सरांनी मान खाली घातली आणि ते विखुरलेल्या स्टिका गोळा करू लागले.